राजीनाम्याआधी सहा आठवड्यांची वही

माझा पहिला राजीनामा मी अकरा मिनिटांत लिहिला. कारखान्याच्या ज्या स्टोअर्समध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या गोदामात, नऊ वर्षं काढली, तिथल्या सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं, चाळीस बेअरिंग गेली कुठे? रात्रपाळीने ती बेअरिंग, माल नेल्याची स्लिप न देता, उचलली होती. चावी त्यांच्याकडे, रजिस्टर माझ्याकडे. मी जागेवर आले, चार ओळी टाइप केल्या, प्रिंट काढली आणि सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवली. दोन महिन्यांत दुसऱ्या कंपनीत रुजू झाले. पगार थोडा जास्त होता, इमारत नवी होती आणि साहेब बोलायला मऊ होते. पाचव्या महिन्यात मी पुन्हा तशाच मीटिंगमध्ये उभी होते. या वेळी ऑइल सील कमी भरले होते, आणि तिथेही रात्री चावी भलत्याच्याच हातात असायची.

त्या संध्याकाळी मला कळलं की पहिल्या कंपनीत नेमकं काय खुपत होतं ते मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्यामुळे दुसरीकडे काय बघून घ्यायचं हेही मला माहीत नव्हतं. मुलाखतीत मी पगार विचारला, सुट्ट्या विचारल्या आणि हो म्हणाले.

दुसरी नोकरी सोडताना मी घाई केली नाही. काय केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सोडू की नको या विचारात रोज रात्री कूस बदलत असाल तर यातलं निदान वहीचं काम तरी कराच.

वही

साधी वही घ्या, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहू नका. रोज काम सुटल्यावर, घरी शिरण्याआधी तीन ओळी लिहायच्या. आज सर्वांत जास्त वेळ कशात गेला? घड्याळाकडे पहिल्यांदा कधी बघितलं आणि त्या वेळी काय चाललं होतं? आज घरी कुणाला सांगावंसं वाटेल असं काही घडलं का, चांगलं किंवा वाईट?

सहा आठवडे लिहा. एका आठवड्याच्या नोंदी फसव्या असतात. साहेब चार दिवस बाहेरगावी गेले तर तीच नोकरी बरी वाटते, महिनाअखेरीला तीच नकोशी होते. सहा आठवड्यांत निदान एक महिनाअखेर येते, एखादं भांडण होतं, एखादा दिवस मनासारखा जातो. वही लिहिताना निर्णय घ्यायचा नाही, एवढा एकच नियम. मधे कितीही संताप आला तरी तो वहीत जाऊ द्या.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "सकाळभर रॅक क्र. ७ ची मांडणी. जुने तीन कोड एकाच वस्तूचे निघाले, एक केले. घड्याळ ३.२० ला बघितलं, प्रॉडक्शनचा फोन, परवाचा माल का नाही म्हणून. माल आला होता, रात्री गेला. सांगावंसं: कोड सापडले ते."

हे पान लिहिलं तेव्हा मला त्यात काही विशेष दिसलं नाही. सहा आठवड्यांनी सगळी पानं समोर घेऊन बसले आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा केल्या. कामाचे ३४ दिवस होते. त्यातल्या १९ दिवसांच्या तक्रारीचं मूळ एकच होतं: अधिकार नाही, जाब मात्र मला. ११ दिवशी मी आनंदाने काहीतरी लिहिलं होतं आणि त्यातले बहुतेक दिवस मांडणी, मोजणी, कोड लावणं यांचे होते. त्या काळात मी सगळ्यांना सांगत सुटले होते की मला स्टोअर्सच नको, वेगळा कोर्स करते, लाइनच बदलते. वही म्हणत होती, काम तुझं आवडतं आहे, चावीची व्यवस्था नावडती आहे. लाइन बदलली असती तर हातचं आवडतं काम मी स्वतःच टाकून दिलं असतं.

नंतर वाचनात आलं की हा प्रकार अभ्यासकांनीही पाहिला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना दोन गोष्टी विचारल्या होत्या: कामावर खूप चांगलं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी वाटलं. १९५९ मध्ये त्यांनी जे मांडलं त्यात दोन्हींची कारणं वेगळी निघाली. चांगल्या आठवणींत काम तडीला नेणं, कुणी दखल घेणं, जबाबदारी मिळणं. वाईट आठवणींत कंपनीचे नियम, वरची देखरेख, पगार, कामाची परिस्थिती. या मांडणीवर पुढे वाद झाले, पण वहीवर खुणा करताना ती मला फार उपयोगी पडली असती. दोन वेगळ्या याद्या करा. त्रासाची यादी रिकामी झाली म्हणून आनंदाची आपोआप भरत नाही. ज्यांच्या वहीत त्रास फारसा नाही आणि सांगावंसं वाटेल असंही काही नाही, त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा आहे. पगारवाढीने तो सुटणार नाही, त्यांना कामच बदलावं लागेल.

थकवा आहे का ते आधी पाहा

काहींच्या वहीत सगळ्याच दिवशी एकच ओळ येते: काही वाटत नाही, झोप येते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'चं वर्णन केलं, आजार म्हणून नव्हे तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. त्याची तीन लक्षणं दिली आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही असं वाटणं.

या अवस्थेत मोठा निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. आधी सलग रजा घ्या, शक्य तेवढी मोठी, आणि डॉक्टरांना भेटा. परतल्यावर पहिल्या दिवशीच्या मनःस्थितीवर जाऊ नका, तो दिवस सगळ्यांनाच जड जातो. दहाव्या दिवशी काय वाटतं ते लिहा. रजेने आलेला तजेला दहा दिवसांत पार ओसरला असेल, तर रजा पुरी पडली नाही किंवा ती जागाच तुम्हाला पोखरते आहे. यातलं काय खरं, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

वही न लिहिता निघावं असे प्रसंग

पगार महिनोन्महिने थकतो आहे, अंगचटीला येणं किंवा धमकावणं चालू आहे, जिवाला धोका असलेल्या यंत्रावर विनासंरक्षण उभं केलं जातं आहे, खोट्या कागदावर सही मागितली जाते आहे. यात तोलून पाहण्यासारखं काही नाही. माझ्या एका सहकाऱ्याला न मोजलेल्या मालाच्या यादीवर 'मोजला' म्हणून सही करायला सांगितली. त्याने नकार दिला आणि त्याच महिन्यात नोकरी सोडली. घरी अडचण होती तरी सोडली. पुढे चौकशी झाली तेव्हा सह्या करणारे अडकले. अशा ठिकाणाहून निघताना शक्य तर आपल्या नियुक्तिपत्राच्या आणि पगाराच्या कागदांच्या प्रती सोबत असू द्या.

आहे तिथेच मागून बघा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, मीही पहिल्यांदा गाळला. वहीतून मोठी तक्रार हाती लागली की तिचं एका मागणीत रूपांतर करायचं. एकच मागणी. "इथे सगळंच चुकतंय" असं म्हटलं की समोरचा ऐकून घेतो आणि काहीच करत नाही.

मी साहेबांकडे वेळ मागून गेले. म्हटलं, "गेल्या सहा आठवड्यांत १४ वेळा माल स्लिपशिवाय बाहेर गेलाय, तारखा या कागदावर आहेत. रात्रीची चावी सिक्युरिटीकडे सील करून ठेवली आणि उघडताना सही घेतली तर मला हिशेब देता येईल. एक तारखेपासून सुरू करू या का?" भांडण नाही, रडणं नाही, सोडून जाईन असा इशाराही नाही. साहेब लगेच हो म्हणाले. तीन आठवडे व्यवस्था चालली. चौथ्या आठवड्यात एका मोठ्या ऑर्डरच्या गडबडीत सील तुटलं, ते परत लागलंच नाही. मी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "बघू या की."

मला त्या तीन शब्दांत उत्तर मिळालं. मी रागावले नाही, याचंच नवल वाटलं. मागून न मिळणं आणि न मागताच निघून जाणं यांत केवढा फरक असतो ते तेव्हा कळलं.

मागून मिळतंही, हेही सांगायला हवं. त्याच कंपनीत डिस्पॅचमधल्या एका सहकाऱ्याने फक्त शिफ्ट बदलून मागितली, मुलीला शाळेत सोडता यावं म्हणून. मिळाली. तो आजही तिथेच आहे आणि समाधानात आहे. त्याने राजीनामा तयार ठेवला होता, तो द्यावा लागला नाही.

किती महिने तग धरता येईल

स्टोअर्समध्ये 'रीऑर्डर लेव्हल' म्हणून एक आकडा असतो. वस्तू संपल्यावर ऑर्डर द्यायची नसते. माल यायला जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांचा वापर आणि वर थोडा राखीव साठा, एवढा शिल्लक उरला की ऑर्डर गेलीच पाहिजे. नोकरीचंही मी असंच मांडलं. माल यायला लागणारे दिवस म्हणजे पहिल्या अर्जापासून नव्या ठिकाणचा पहिला पगार हातात पडेपर्यंतचा काळ. मला साडेसहा महिने लागले, त्यात नोटीस पीरियड दोन महिन्यांचा.

घरखर्चाचा आकडा अंदाजाने धरू नका. मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च काढा, हप्ते आणि औषधं धरून. शिल्लक रकमेला त्या आकड्याने भागा. उत्तर महिन्यांत येईल. ते शोधाच्या काळापेक्षा कमी असेल तर नोकरी हातात ठेवूनच शोधायचं. मन कितीही विटलं असलं तरी. माझं उत्तर तीन महिने आलं होतं, म्हणून मी राजीनामा न देता शोधायला लागले. सहन करण्याची ताकदही साठ्यासारखीच असते. ती शून्यावर आल्यावर शोध सुरू केला तर माणूस मिळेल ते पत्करतो.

हा हिशेब घरच्यांसमोर करा. मी पहिल्यांदा राजीनामा देऊन मग घरी सांगितलं होतं. नवरा काही बोलला नाही, पण त्या रात्री तो हप्त्यांचे कागद काढून बसला होता. ते दृश्य मी विसरलेले नाही.

"इतकी वर्षं घालवली"

अठरा वर्षं एका जागी काढलेल्या मैत्रिणीशी माझं यावर पुष्कळ बोलणं झालंय. ती म्हणते, आता सोडलं तर अठरा वर्षं वाया. आर्क्स आणि ब्लूमर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाट्यगृहाचे हंगामी पास घेणाऱ्यांपैकी काहींना, कुठलाही निकष न लावता निवडून, सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकं पाहिली. नाटकं दोघांना तीच होती. भरलेले पैसे त्यांना ओढून नेत होते. मैत्रिणीला मी एवढंच विचारते, आज तू बाहेर असतीस आणि ही जागा, हाच पगार, हीच माणसं पूर्ण माहीत असताना तुला बोलावलं असतं, तर आली असतीस का? तिचं उत्तर अजून यायचंय.

खरोखर दोलायमान असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने निर्णय न होणाऱ्या लोकांना इंटरनेटवर नाणं उडवायला लावलं. वीस हजारांहून जास्त वेळा नाणी उडाली, अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत ज्यांना नाण्याने 'बदल कर' सांगितलं, त्यांनी बदल जास्त प्रमाणात केला आणि सहा महिन्यांनी ते जास्त सुखात आढळले. यात स्वतःहून आलेले, आधीच कुंपणावर बसलेले लोक होते, हे ध्यानात ठेवायचं. मी नाणं उडवा म्हणणार नाही. पण वही, मागणी आणि हिशेब हे तिन्ही झाल्यावरही मन अडखळत असेल, तर ते बहुधा भीतीने अडखळतंय.

शोध कुणाकडून लागतो

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्यांचा अभ्यास केला होता. ओळखीतून जागा मिळालेल्यांना त्यांनी विचारलं की त्या ओळखीच्या माणसाशी गाठ किती वेळा पडायची. १९७३ च्या त्यांच्या लेखात आकडे आहेत: वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, क्वचित भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. दूरचे लोक वेगळ्या वर्तुळात फिरतात.

मला जागा सांगणारा माणूस वर्षातून दोनदा वजनकाटे तपासायला यायचा. आमचं बोलणं काट्याच्या फरकापलीकडे कधी गेलं नव्हतं. शेवटच्या खेपेला मी त्याला म्हटलं, "स्टोअर्सचं काम बघते, अकराशे आयटम सांभाळते, कोड लावण्यात हात बसलाय. रात्रीही स्टोअर्सला कुलूप असतं अशी एखादी जागा तुमच्या पाहण्यात आहे का?" तो हसला नाही. थोडा विचार करून त्याने एका कंपनीचं नाव सांगितलं.

"कुठे काही असेल तर सांगा" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला आठवायला काहीच मिळत नाही. काय येतं आणि काय हवंय ते दोन वाक्यांत सांगा. बायोडेटातही तेच. 'स्टोअर्स सांभाळलं' या ऐवजी किती वस्तू, मोजणीतला फरक किती होता, तो किती केला, हे आकड्यांत लिहा.

मुलाखत ही तुमचीही तपासणी

वहीतली पहिली तक्रार घ्या आणि तिचा प्रश्न करा. मी विचारलं, "रात्री स्लिप न देता माल हवा असं कुणी म्हटलं तर काय होतं?" आणि "माझ्या आधीच्या व्यक्तीने जागा का सोडली?" उत्तरांपेक्षा उत्तर देणाऱ्याची गडबड पाहा. मग मी विनंती केली, स्टोअर्स पाहता येईल का?

मधल्या रांगेत एका बिनवर, म्हणजे सुटे भाग ठेवायच्या खोक्यावर, शिल्लक लिहायचं कार्ड लटकत होतं. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळची, बाकी ४६. मी विचारून बिन खाली घेतलं आणि मोजलं. पितळी निपल होते, हाताला तेलकट लागत होते. पंधरा, तीस, पंचेचाळीस, आणि तळाशी एक अडकलेला, बोटाने काढावा लागला. ४६. सोबतच्या मुलाला यात काही विशेष वाटलं नाही, आणि तेच मला हवं होतं. पगार फार वाढत नव्हता. मी हो म्हणाले.

तुमच्या कामात बिन कार्ड नसेल, पण त्याच्यासारखं काहीतरी असतंच. नर्सला ड्युटीचा तक्ता पाहता येतो, शिक्षकाला शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये कोण किती वाजेपर्यंत बसलंय ते दिसतं. तिथे सध्या काम करणाऱ्या कुणाशी तरी साहेब नसताना दहा मिनिटं बोलायला मिळालं तर सोडू नका.

निघताना

नियुक्तिपत्र लेखी हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. राजीनाम्याचं पत्र तीन ओळींचं पुरे: सोडत आहे, शेवटचा दिवस अमुक, आभार. तक्रारी त्यात लिहू नका, त्या मागणीच्या वेळी सांगून झाल्या आहेत. पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न होईल. माझ्याही बाबतीत झाला. मी वही उघडली, १९ दिवसांतल्या एकाही दिवसाची तक्रार पगाराची नव्हती, म्हणून नाही म्हणणं सोपं गेलं. तुमच्या वहीत ती असेल तर मात्र वाढीचा नीट विचार करा. चार्ज देताना सगळी यादी समोर मोजून द्या आणि त्याची सही केलेली प्रत घ्या. सोडल्याचं पत्र आणि अनुभवाचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच मागा, नंतर खेटे पडतात.

नव्या जागी पहिले काही महिने सगळं छान वाटतं. बॉसवेल या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मॅनेजर मंडळींच्या बाबतीत दाखवलं की नोकरी बदलल्यावर समाधान वर चढतं आणि मग पुन्हा खाली येतं. हे माहीत असलं की त्या उताराला घाबरून माणूस पुन्हा अकरा मिनिटांत पत्र लिहीत नाही. मी आठव्या महिन्यात परत सहा आठवडे वही लिहिली. दुपारी घड्याळाकडे पाहिल्याच्या नोंदी चार दिवसांच्या निघाल्या, चारही दिवस वार्षिक मोजणीचे, आणि त्यातल्या दोन दिवसांपुढे मी लिहिलं होतं: "जेवायची वेळ टळून गेलेली."